गुरुवचन, उपवास आणि पुरणपोळी

आषाढ शुद्ध नवमी उजाडली, की महाराष्ट्रातील भाविक घरांच्या स्वयंपाकघरांत निराळीच लगबग सुरू होते. त्या दिवशी कांदेनवमी. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करणारी मंडळी कांद्याची भजी, थालीपिठे, भरली वांगी यांचा मनसोक्त समाचार घेतात आणि मग चार महिन्यांसाठी त्यांना निरोप देतात. दोनच दिवसांनी येते आषाढी एकादशी. पंढरीस पोहोचलेल्यांचा आणि घरी राहिलेल्यांचा उपवास त्या दिवशी एकच असतो. पुढे चार दिवसांनी गुरुपौर्णिमा. अन्न आणि गुरू हे दोन विषय असे एकाच आठवड्यात आपल्या उंबरठ्याशी येऊन उभे राहतात, आणि बहुधा याच आठवड्यात घरोघरी एक छोटीशी कुरबूरही होते.

घरातील वृद्ध माउली वर्षानुवर्षांच्या नेमाप्रमाणे एकादशी धरणार असते. मधुमेहाची गोळी चालू असते, डॉक्टरांनी वेळच्या वेळी खाण्यास बजावलेले असते. मुलगा म्हणतो, "आई, तू साईबाबांची पोथी रोज वाचतेस ना? मग उपाशी राहू नका असे बाबांनीच सांगितले आहे, ते कुठे गेले?" माउली उत्तर देते, "अरे, बाबांचे शब्द बाबांपाशी. माझा नेम माझ्यापाशी." दोघांच्याही बोलण्यात श्रद्धा आहे. परंतु गुरूने आहाराविषयी उच्चारलेला शब्द नेमका कसा वाचावा, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवलेला असतो. एक त्या शब्दाचा नियम करू पाहतो, दुसरी त्याला आदराने देव्हाऱ्यात ठेवून मोकळी होते.

म्हणून तो शब्द ज्या प्रसंगी निघाला, त्या प्रसंगाकडेच आपण प्रथम वळू.

शिमग्यातील प्रसंग

श्रीसाईसच्चरिताच्या ३२ व्या अध्यायात ही कथा येते. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजेच हेमाडपंत, यांनी ओवीबद्ध केलेला हा ग्रंथ आज मराठी घरांत पारायणाची पोथी म्हणून मान्यता पावला आहे. गोखले आडनावाच्या एक बाई शिर्डीस आल्या. बाबांच्या चरणांशी बसून तीन दिवस उपोषण करावे, असा त्यांचा निश्चय होता. त्या येण्याच्या आदल्याच दिवशी बाबा दादा केळकरांपाशी बोलून गेले होते, की शिमग्याच्या सणात आपली लेकरे उपाशी राहावीत हे आपल्याला कसे चालेल? ती उपाशी राहणार असतील तर आपण येथे कशासाठी आहोत? दुसऱ्या दिवशी बाई येऊन बसतात न बसतात तोच बाबांनी त्यांना सांगितले, की उपासाचे काही कारण नाही. दादांच्या घरी जावे, पुरणपोळ्या कराव्यात, त्यांच्या मुलाबाळांना वाढाव्यात आणि स्वतःही पोटभर जेवावे.

येथवरचा भाग सर्वांस ठाऊक असतो. पुढचा तपशील मात्र पारायणाच्या वेगात निसटून जातो. केळकरांच्या घरी त्या दिवसांत गृहिणी विटाळशी होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने चुलीजवळ जावयाचे नाही. सण दाराशी आलेला, घरात मुले, आणि पुरण घालण्यास कोणी नाही. गोखलेबाईंनी संकल्प सोडला होता तीन दिवसांचा, आणि स्त्रीने बाजूला बसण्याची रूढीही तीनच दिवसांची. एका बाईने स्वतःहून स्वीकारलेली भूक आणि दुसऱ्या घरावर आलेली भूक यांची बाबांनी अशी गाठ घालून दिली. ही जुळणी पोथीत शब्दांनी सांगितलेली नाही, ती आमची आहे. पण कथेतील सर्व तपशील तिच्याच दिशेने बोट दाखवितात.

म्हणजे बाबांनी गोखलेबाईंना नुसते जेवावयास सांगितले नाही. त्यांनी आधी रांधावयास सांगितले, मग वाढावयास, आणि सर्वांत शेवटी जेवावयास. ज्या निश्चयाने बाई तीन दिवस उपाशी बसणार होत्या, तोच निश्चय त्यांनी परक्या चुलीपुढे उभे राहून खर्ची घालावा, असा तो आदेश होता. पुरणपोळीचा घाट ज्यांनी घातला आहे त्या भगिनींना हे सांगावयास नको, की डाळ शिजविणे, पुरण वाटणे, कणीक तिंबणे आणि एकेक पोळी तव्यावर उलटणे हे शांत बसून उपास करण्यापेक्षा मुळीच सोपे नाही.

याच अध्यायात बाबांनी स्वतःची म्हणून एक कथा सांगितली आहे. चौघे जण सत्याच्या शोधात रानात हिंडत होते. वाटेत एक वणजारी भेटला. एवढ्या उन्हात कोठे जाता, थोडे थांबा, भाकरतुकडा खा, पाणी प्या, असे त्याने आग्रहाने म्हटले. शहाण्या मंडळींनी त्याला दाद दिली नाही. ती रान तुडवीत राहिली आणि वाट चुकली. पुन्हा तोच वणजारी भेटला, पुन्हा त्याने तेच म्हटले. तिघांनी पुन्हा नाकारले. चौथ्याने मात्र त्याच्या प्रेमाचा मान राखून भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, आणि तेव्हाच त्याच्यापुढे गुरू उभा राहिला. रिकाम्या पोटी देवाचा शोध होत नाही, हा बाबांचा विचार म्हणून जो सर्वत्र सांगितला जातो, त्याची मुळे या रानात आहेत. पण कथा येथे संपत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. ज्याने भाकरी खाल्ली त्याला त्या गुरूने विहिरीवर नेले आणि पाय दोराने बांधून पाण्याच्या वर उलटे टांगून ठेवले. भाकरीनंतर आली ती साधना, आणि ती पोट भरलेल्यालाच सोसावयाची होती.

स्वतः बाबा काय खात?

गुरूच्या आहारविषयक शब्दाचा अर्थ त्याच्या ताटाकडे पाहिल्यावाचून लागत नाही. पोथी म्हणते की बाबांनी स्वतः उपवास केला नाही आणि इतरांनाही करू दिला नाही. एवढेच वाचून थांबणारा भक्त सुखावतो. परंतु आठव्या अध्यायातील भिक्षेचे वर्णन त्याने याच्या शेजारी ठेवून पाहावे. झोळीत भाकरीचे तुकडे, टमरेलात पातळ पदार्थ. कोणी ताक घालावे, कोणी भाजीचे कालवण, कोणी आमटी. मशिदीत आल्यावर हे सारे एका कुंडीत एकत्र होई. गोड, तिखट, आंबट यांचा भेद उरत नसे. त्याच कुंडीतून कुत्री, मांजरे आणि कावळे मोकळेपणी खात, झाडलोट करणारी बाई भाकरीचे तुकडे घेऊन जाई, आणि उरल्यासुरल्यातून बाबा जेवत. जिभेला चव असते हे जणू त्यांना माहीतच नव्हते.

उपवास न करणाऱ्या या पुरुषाचे रोजचे जेवण आपल्यापैकी कितीजण एक आठवडाभर जेवू शकतील? आमचे स्वतःचे उत्तर आम्ही सांगत नाही. त्यांनी भूक मारली नाही, चव मारली. आणि आपले बहुतेक उपवास तर नेमके याच्या उलट दिशेने जातात.

दुसऱ्यांसाठी मात्र हेच बाबा निराळे होते. ३८ व्या अध्यायात त्यांच्या हंडीचे वर्णन आहे. पन्नास माणसांची एक लहान हंडी आणि शंभरांची एक मोठी. बाजारात जाऊन धान्य, मसाला स्वतः पारखून आणावयाचा, वाटण स्वतः वाटावयाचे, चुलीपाशी स्वतः उभे राहावयाचे. कधी गोड भात, कधी पुलाव, कधी मांस घातलेला भात. १९१० च्या सुमारापर्यंत हा क्रम चालला. त्यातही हेमाडपंतांनी एक गोष्ट स्पष्ट नमूद केली आहे. ज्यांना मांसाहाराची सवय होती त्यांनाच त्या हंडीतील प्रसाद मिळे. जे तो कधी खात नसत त्यांना बाबा त्यास हातही लावू देत नसत. एकाच अंगणात एकाच हाताने रांधलेले अन्न, पण खाणारा कोण हे पाहून वाढलेले.

आता कोणी दादा केळकरांची गोष्ट पुढे करील. ते सोवळ्याओवळ्याचे कर्मठ ब्राह्मण. एका एकादशीस बाबांनी त्यांना पैसे देऊन कोऱ्हाळ्यास जाऊन मांस आणावयास सांगितले. दादा कपडे करून निघालेही. तोच बाबांनी त्यांना परत बोलाविले. दादा बाजारात पोहोचले नाहीत. या कथेवरून एकादशीस मांसाहार चालतो असा अर्थ काढणारा आजवर तरी आम्हांस भेटलेला नाही, कारण ही आज्ञा शिष्याच्या निष्ठेची परीक्षा होती, ते आहाराविषयीचे मत नव्हते, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सहज कळते. मग हाच विवेक आपण गोखलेबाईंच्या कथेपाशी आल्यावर का विसरतो?

१३ व्या अध्यायात याहून नमुनेदार दाखला आहे. काका महाजनी यांना जुलाबांचा त्रास सुरू झाला होता. बाबांनी काय दिले? भुईमुगाचे दाणे! स्वतः खाल्ले, काकांना खावयास लाविले, वर पाणी प्यावयास दिले, आणि जुलाब थांबले. बापूसाहेब बुट्टींना पटकीची बाधा झाली तेव्हा बदाम, पिस्ते, अक्रोड घालून आटविलेले गोड दूध. श्रद्धाळूतला श्रद्धाळू मनुष्यसुद्धा घरी मुलाला जुलाब झाले असता त्याला मूठभर दाणे खावयास देत नाही. तो साखर-मिठाचे पाणी देतो आणि डॉक्टरांकडे नेतो. तरीही त्या कथेवरील त्याची श्रद्धा तसूभरही ढळत नाही. ते दाणे काकांसाठी होते, त्या दिवसासाठी होते, त्या हातून आलेले होते, एवढे त्याला न सांगता समजते.

कांदा कोणी खावा?

चातुर्मासातील कांद्यालाही पोथीत जागा मिळाली आहे. २३ व्या अध्यायात योगाभ्यास करणारा एक गृहस्थ नानासाहेब चांदोरकरांसमवेत शिर्डीस येतो. ग्रंथ वाचले, आसने केली, पण समाधी लागत नाही, ही त्याची व्यथा. मशिदीत पाऊल ठेवतो तो काय, बाबा शिळी भाकरी कांद्याबरोबर खात बसलेले! हा मनुष्य माझ्या शंका काय फेडणार, असे त्याच्या मनात आले. बाबांनी नानांकडे वळून सांगितले, की ज्याच्या अंगी कांदा पचविण्याची शक्ती आहे त्याने तो खावा, इतरांनी नाही.

त्या गृहस्थाला आपण हसू नये. त्याच्या मनात जे आले ते शास्त्राच्या आधारानेच आले होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी लसूण आणि कांदा वर्ज्य सांगितले आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे. म्हणजे बाबांच्या हातात एकाच वेळी दोन दोष होते. (गीतेने मात्र कोठेही कांद्याचे वा लसणाचे नाव घेतलेले नाही, तिने अन्नाची नावे दिली नाहीत, गुण दिले. ही गोष्ट सात्त्विक आहाराच्या याद्या करणारे क्वचितच सांगतात.) उलट वैद्यकाकडे पाहावे तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लसणाचे रसायन विस्ताराने वर्णिलेले आहे. एकाच पदार्थाविषयी स्मृती एक बोलते आणि वैद्य दुसरे. कारण एकाची दृष्टी आचारावर, दुसऱ्याची रोग्यावर.

बाबांचे उत्तर या वादात कोणाचीच बाजू घेत नाही. ते प्रश्नच बदलते. कांदा कसा आहे हे न विचारता, खाणारा कसा आहे हे ते विचारते. आणि त्या उत्तरात कांदा खाण्याची सरसकट मोकळीक नाही, हेही पाहावे. पचविण्याची शक्ती असेल तरच, ही अट आहे. ती शक्ती जठराची की मनाची, याचा निर्णय प्रत्येकाने स्वतःपुरता करावयाचा आहे. चातुर्मासात कांदा सोडणाऱ्या सासूबाईंनी तो न सोडणाऱ्या सुनेकडे पाहून नाक मुरडले, तर सोडलेला कांदा पचला नाही असेच म्हणावे लागेल. आणि सुनेने त्या नेमाची थट्टा केली, तर खाल्लेलाही पचला नाही.

आहार शब्दाचे दोन अर्थ

आचार्यांमध्येही हा मतभेद पूर्वापार आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांना सांगतात, की आहार शुद्ध झाला म्हणजे अंतःकरण शुद्ध होते, त्यातून स्मृती स्थिर होते आणि शेवटी हृदयाच्या गाठी सुटतात. या एका आहार शब्दावर दोन महान भाष्यकार निरनिराळ्या वाटांनी गेले. श्रीशंकराचार्यांनी आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व काही, असा अर्थ केला. डोळा रूप घेतो, कान शब्द घेतात, तेही अन्नच. राग, द्वेष आणि मोह यांवाचून ते घेणे म्हणजे आहारशुद्धी. श्रीरामानुजाचार्यांनी मात्र आहार म्हणजे खाण्याचे अन्नच घेतले आणि त्यात तीन दोष टाळावयास सांगितले: पदार्थाच्या मूळ जातीतच असलेला, तो ज्याच्याकडून आला त्याचा, आणि केस, धूळ यांसारख्या कारणाने बाहेरून जडलेला. स्वामी विवेकानंदांनी भक्तियोगावरील विवेचनात हे दोन्ही अर्थ शेजारी ठेवून दोन्ही आवश्यक मानले. परंतु ज्यांचा सारा धर्म स्वयंपाकघरातच अडकून पडला आहे, त्यांच्यावर कोरडे ओढण्यासही ते चुकले नाहीत.

वारकरी संप्रदायात या दोन अर्थांची सांगड न बोलता घातली गेली आहे. माळ घातलेला वारकरी मद्यमांस सोडतो आणि एकादशी पाळतो, हे झाले ताटातले. पण त्याच्या एकादशीचा जीव आहे तो रात्रीच्या कीर्तनात आणि जागरात; तो कानांचा आहार. पोटात काही नाही आणि कानांतही काही नाही, अशी एकादशी पंढरीच्या वाटेवर कोणी ओळखणार नाही.

या ठिकाणी आपल्या फराळाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. साबूदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, दाण्याची आमटी, वर लाल तिखट: यापैकी एकही वस्तू आपल्या ऋषींनी पाहिलेली नव्हती. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली मंडळी; पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी जहाजांच्या काळात ती इकडे पोहोचली. नवे कंद जुन्या उपवासात आमच्या पणज्यांनी मोठ्या मनाने सामावून घेतले, याचे आम्हांस कौतुकच आहे. पण ज्या सणाने रताळ्याला घरात घेतले, त्याच सणाच्या नावाने डॉक्टरांच्या गोळीला दाराबाहेर उभे करणे विसंगत आहे. शिवाय साबूदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेही माणसाची साखर तो झपाट्याने चढवितो. आधी दिवसभर काही न घेता आणि मग एक मोठी वाटीभर खिचडी, हा क्रम अशा शरीराला दोन्ही बाजूंनी मारक आहे.

व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी

आणि आता त्या माउलीकडे परत येऊ. तिचा आक्षेप असा, की बाबांचा शब्द थोर खरा, पण धरलेला नेम मोडावा कसा? या आक्षेपाला उत्तर शोधण्यासाठी शास्त्र सोडावे लागत नाही. ते शास्त्रातच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराच्या उपदेशात आणि पुढे धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत पुनःपुन्हा एक यादी येते: ज्यांच्या योगे व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींची. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध.

शेवटची दोन पुन्हा वाचावीत. गुरूच्या सांगण्यावरून जेवल्याने व्रत मोडत नाही. म्हणजे गोखलेबाईंनी पुरणपोळी खाल्ली तेव्हा त्यांचा संकल्प भंगला नाही; शास्त्राच्याच दृष्टीने तो अखंड राहिला. बाबांनी शास्त्राला धक्का दिला असे मानण्याचे कारण नाही, शास्त्राने गुरूसाठी जी जागा राखून ठेवली होती तेथेच ते उभे होते. आणि त्या गुरुवचनाच्या अगदी शेजारी शास्त्रकारांनी औषध बसविले आहे. ज्यांनी एकादशी अनिवार्य सांगितली त्यांनीच हे केले, याला महत्त्व आहे.

इतकेच नव्हे. एकादशीचा अधिकार त्यांनी आठ वर्षांवरील आणि ऐंशीच्या आतील मनुष्यास सांगितला. ज्याला पूर्ण उपोषण झेपत नाही त्याला नक्त म्हणजे रात्री एकदा भोजन, एकभुक्त, हविष्यान्न, किंवा फळे आणि दूध अशा उतरत्या पायऱ्या दिल्या. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा हा सारा पसारा मांडला आहे. तो पाहिला म्हणजे आपण ज्याला कडक धर्म समजतो तो पुष्कळदा शास्त्राहून कडक असतो, असे ध्यानात येते. निर्जळी राहण्याची ईर्षा एकादशीत शिरली ती शास्त्रातून नव्हे, शेजारणीच्या नेमाशी केलेल्या तुलनेतून. निदान आमचे निरीक्षण तरी असेच आहे.

साईभक्तांत नऊ गुरुवारांचे व्रत अलीकडच्या काळात पुष्कळ लोकप्रिय झाले आहे. उपवास नको म्हणणाऱ्या बाबांच्या नावाने उपवास कसा, असे काही जण विचारतात. परंतु त्या व्रताच्या पुस्तिकांतही दिवसभर पोट रिकामे ठेवू नये, फलाहार घ्यावा किंवा एक वेळ जेवावे, असेच सांगितलेले असते. लोकांनी परंपरेतील उपवास आणि बाबांचा शब्द यांत आपली वाट काढली आहे, आणि ती वाईट नाही.

मधुमेहाच्या रोग्याची गोष्ट मात्र तडजोडीवर सोडता येत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेऊन वर अन्न टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी धोक्याच्या पातळीखाली जाते. दरदरून घाम, हातांना कंप, भोवळ, आणि वेळीच लक्ष न गेल्यास शुद्ध हरपणे, असा तो क्रम. देवळाच्या रांगेत किंवा पहाटेच्या काकडआरतीत हे घडले तर लोकांना तो भक्तीचा आवेग वाटतो, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. औषधही सोडले आणि अन्नही सोडले, तर दुसऱ्या बाजूने साखर चढते. म्हणून ज्यांना हा विकार आहे, ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, ज्या भगिनी गर्भवती आहेत किंवा ज्यांचे मूल अंगावर पिते, त्यांनी एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे: काय खावे, किती वेळाने खावे, गोळी केव्हा घ्यावी. दशमीस पंचांग पाहतो तसेच हेही पाहून ठेवावे.

राहता राहिला माउलीचा नेम. त्यासाठीही निबंधकारांनी एक वाट मोकळी ठेवली आहे. जो स्वतः असमर्थ आहे त्याचा उपवास त्याच्यासाठी प्रतिनिधीने करावा: पती वा पत्नी, पुत्र, बंधू, भगिनी किंवा शिष्य. बाबांच्या शब्दाचा दाखला देऊन आईला जेवावयास लावणाऱ्या मुलाला ही वाट सुचलेली नसते. त्याने आषाढीच्या पहाटे आईजवळ बसावे. तिने हातात पाणी घेऊन आपला नेहमीचा संकल्प म्हणावा आणि तो उपवास मुलाकडे सोपवावा. मग तिने वेळेवर वाटीभर दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेले अन्न घ्यावे, गोळी घ्यावी आणि हरिपाठास बसावे. दिवसभर उपाशी राहील तो मुलगा. आणि दुपारी बाराच्या सुमारास, पोटात कावळे ओरडू लागले म्हणजे, आईने इतकी वर्षे हे कसे निभावले ते त्याने तिलाच विचारावे.